नमुना नको, नेमके सांगा : एआयकडून अर्ज लिहून घेताना

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांच्या मोबाईलमध्ये आता चॅटजीपीटी, जेमिनी नाहीतर व्हॉट्सॲपमधले मेटा एआय असते. शिष्यवृत्तीची तक्रार, माहिती अधिकाराचा अर्ज, ग्रामसभेचा ठराव, वनहक्काचे अपील असे कागद पूर्वी तालुक्याला जाऊन, पैसे मोजून लिहून घ्यावे लागत. आता ते घरबसल्या दोन मिनिटांत तयार होतात. भाषा सफाईदार असते, शुद्धलेखन बरे असते, शेवटी "आपला नम्र" सुद्धा असते.

पण अर्ज चांगला दिसणे वेगळे आणि तो टिकणे वेगळे. "वनहक्काचे अपील लिहून दे" एवढेच सांगितले, तर यंत्र बहुधा "मी एक गरीब आदिवासी शेतकरी" अशी सुरुवात करेल. जंगल, गडचिरोली आणि वनहक्क हे शब्द एकत्र आले की पुढचा शब्द आदिवासी, असे त्याचे गणित. दावेदार जर बौद्ध कुटुंब असेल, तर या एका शब्दाने सगळा कागद चुकीच्या रस्त्याला लागतो. वनहक्क कायद्यात या कुटुंबाचा प्रवर्ग वेगळा, पुरावा वेगळा आणि लढाईही वेगळी आहे.

मग आपण काय करतो? कोणाचा तरी मंजूर झालेला जुना अर्ज शोधतो, यंत्राला चिकटवतो आणि सांगतो, "अगदी असाच लिही." नमुन्याबरहुकूम अर्ज लिहिण्याची आपली सवय जुनीच आहे. अशा कामात नमुना बहुतेक वेळा लागतच नाही आणि अनेकदा तो घात करतो, हे या लेखात सांगायचे आहे. नमुना न देता, नुसत्या शब्दांत यंत्राला नेमके कसे सांगायचे, ते आपल्याच जिल्ह्यांतल्या कामाच्या आधारे पाहू.

नमुन्याशिवाय यंत्राला कळते का?

ही भाषा-मॉडेल प्रचंड मजकुरावर तयार झालेली असतात. आधीच्या शब्दांवरून पुढे काय यावे, याचा अंदाज बांधत ती लिहितात. २०२० मध्ये ओपनएआयने जीपीटी-३ या मॉडेलवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. दोन-चार नमुने दाखवले की मॉडेल नवे काम उचलते, यावर त्याचा भर होता. नमुना द्यायचा हा सल्ला तेव्हापासून रुळला. पुढे २०२१ मध्ये गुगलच्या संशोधकांनी आणि २०२२ च्या सुरुवातीला ओपनएआयने मॉडेलना सूचना वाचून त्याप्रमाणे वागण्याचे वेगळे प्रशिक्षण दिले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी लोकांसमोर आले. आज आपण वापरतो ती मॉडेल याच वाटेने घडलेली आहेत. नमुना न देता केवळ सूचनेवर काम करून घेण्याला तंत्रज्ञानाच्या भाषेत झिरो-शॉट म्हणतात.

अर्ज म्हणजे काय, अपील म्हणजे काय, विषय कुठे लिहायचा, हे यंत्राला आधीच ठाऊक आहे. तुमच्या गावात काय घडले, ते मात्र त्याला ठाऊक नाही. नमुना देऊन आपण त्याला माहीत असलेलेच पुन्हा सांगतो आणि जे माहीत नाही ते सांगायचे राहून जाते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

नमुना कुठे घात करतो?

पहिली गोष्ट, यंत्र नमुन्यातला फक्त साचा घेत नाही, त्यातले सगळेच उचलते. नमुन्यातला दावेदार अनुसूचित जमातीचा असेल, तर त्याचा युक्तिवाद तुमच्या अर्जात येतो. नमुना पाच पानी असेल, तर तुमचा दोन पानांचा विषयही पाच पानांवर ताणला जातो. एखादा गट क्रमांक किंवा तारीखही तशीच उतरू शकते.

दुसरी गोष्ट, नमुना म्हणजे कोणाचा तरी खरा कागद. त्यात नाव, गाव, जात, आधार क्रमांक, कधी अत्याचाराची हकीकत असते. ती त्या माणसाला न विचारता एखाद्या कंपनीच्या यंत्रात टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नमुना हाती असला की आपण विचार करायचे थांबतो. आपली मागणी काय, ती कोणत्या कलमाखाली, कोणाकडे आणि कोणत्या पुराव्यावर, हे प्रश्न न सोडवताच कागद तयार होतो. नमुना नसला की ही उत्तरे आपल्यालाच शब्दांत मांडावी लागतात. चळवळीला तेच हवे आहे.

एक प्रकरण घेऊन पाहू

समजा, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका बौद्ध कुटुंबाचा वैयक्तिक वनहक्क दावा ग्रामसभेने मान्य केला. पण उपविभागस्तरीय समितीने "तीन पिढ्यांचा पुरावा नाही" म्हणून तो नामंजूर केला. आता जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागायची आहे. यंत्राला सांगण्याआधी आपल्याला काय माहीत असायला हवे?

कायदा २००६ चा, त्याखालचे नियम २००८ चे आणि त्यात २०१२ मध्ये सुधारणा झाली. कायद्यात दोन प्रकारचे दावेदार आहेत : वनात राहणाऱ्या अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी. अनुसूचित जातीचे, म्हणजेच आपले बौद्ध कुटुंब दुसऱ्या प्रकारात येते. या प्रकाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या वनात मुख्यत्वे वास्तव्य आणि उपजीविकेसाठी वनावर अवलंबून असणे दाखवावे लागते. पिढी म्हणजे २५ वर्षे, म्हणून एकूण ७५.

इथे एक बारीक पण मोलाचा फरक आहे. कायद्याच्या शब्दांप्रमाणे ७५ वर्षांची अट वास्तव्याची आणि वनावर अवलंबून असण्याची आहे. त्याच जमिनीवर ७५ वर्षे ताबा हवा, असे कायदा म्हणत नाही. जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा असावा लागतो, ही वेगळी अट. सूचनेत हा फरक सांगितला नाही, तर यंत्र दोन्ही अटी एकत्र कालवते आणि आपलाच अर्ज आपल्याविरुद्ध बोलू लागतो.

पुराव्याचेही तसेच. नियमांमध्ये दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हा पुरावा मानला आहे. २०१२ च्या सुधारणेनुसार समित्यांनी ठरावीक कागदाचाच हट्ट धरायचा नाही आणि उपग्रहाचे चित्र इतर पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही. निर्णयावर दाद मागण्याची मुदत ६० दिवसांची आहे.

आता आपल्या जिल्ह्यांची खास गोष्ट. ७५ वर्षे मागे गेले की आपण १९३० मध्ये पोहोचतो. तेव्हा हा मुलूख मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि जिल्ह्याचे नाव होते चांदा. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली, तेव्हाही हा जिल्हा मध्य प्रदेशातच होता. पंधरवड्याने, १ नोव्हेंबरला, तो द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. गडचिरोली जिल्हा तर २६ ऑगस्ट १९८२ चा. म्हणजे आजोबांच्या कागदावर जिल्हा "चांदा" आणि जात "महार", तर नातवाच्या कागदावर जिल्हा "चंद्रपूर" किंवा "गडचिरोली" आणि धर्म "बौद्ध". कुटुंब एकच असते. हे समितीला पटवून द्यायचे असेल, तर आधी यंत्राला सांगावे लागेल. ते स्वतःहून हा धागा जोडेलच, याची खात्री नाही.

सूचनेचे सात भाग

या माहितीवरून सूचना तयार करू. प्रत्येक भाग एक-दोन वाक्यांचा असला तरी चालतो.

१. काम : काय लिहायचे, कोणी लिहायचे, कोणाला उद्देशून.

२. हकीकत : घडलेल्या गोष्टी तारखेच्या क्रमाने. मत नको, घटना हवी.

३. कायदा : कोणता कायदा, कोणती अट, कोणती मुदत. कायद्याचा मूळ मजकूर हाताशी असेल, तर तेवढे कलमच चिकटवा. कायद्याचा मजकूर हा नमुना नव्हे, ती माहिती आहे.

४. शब्दांचे अर्थ : ज्या शब्दांत घोटाळा होऊ शकतो, त्यांची व्याख्या आपणच द्यायची.

५. मर्यादा : किती शब्द, किती परिच्छेद, कोणती भाषा.

६. माहिती नसेल तेव्हा काय करायचे : कंस ठेव, प्रश्न विचार, पण मनाने भरू नकोस.

७. तपासणी : लिहून झाल्यावर कोणत्या गोष्टी पडताळून सांगायच्या.

आपल्या प्रकरणाची सूचना मग अशी होईल :

"वनहक्क कायदा २००६ खाली जिल्हास्तरीय समितीकडे करायच्या याचिकेचा मसुदा मराठीत लिही. याचिकाकर्ता अनुसूचित जातीचा, बौद्ध आहे आणि तो 'इतर पारंपरिक वननिवासी' या प्रकारात येतो. त्याला आदिवासी म्हणू नकोस. ग्रामसभेने दावा मान्य केला. उपविभागस्तरीय समितीने तीन पिढ्यांचा पुरावा नाही असे कारण देऊन तो नामंजूर केला. पिढी म्हणजे २५ वर्षे. ७५ वर्षांची अट वास्तव्य व वनावर अवलंबून असण्याची आहे. जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असणे ही वेगळी अट आहे. दोन्ही वेगवेगळ्या परिच्छेदांत मांड. जुन्या कागदांवर 'चांदा जिल्हा' व 'महार' आणि नव्या कागदांवर 'चंद्रपूर' व 'बौद्ध' असे आहे. हे एकच कुटुंब आहे, हे तीन वाक्यांत स्पष्ट कर. आमच्याकडे असलेले पुरावे : गावातील दोन वृद्धांची लेखी निवेदने, निस्तार पत्रकाची प्रत, ग्रामसभेचा ठराव. यापलीकडचा कोणताही पुरावा, निकाल किंवा कलम स्वतःहून घालू नकोस. नाव, गाव, गट क्रमांक व तारखा यांच्या जागी चौकोनी कंस ठेव. एकूण ४५० शब्दांच्या आत लिही. प्रत्येक वाक्यात एकच मुद्दा असावा. शेवटी, मी कोणती माहिती द्यायची राहिली, त्याची यादी दे."

यात नमुना कुठेही नाही, तरी यंत्राला भरकटायला फारशी जागा उरत नाही. आणि हीच सूचना कोणी नमुना म्हणून जशीच्या तशी वापरू नये. धानोरा किंवा एटापल्लीतले गाव अनुसूचित क्षेत्रात येते, ब्रह्मपुरीतले येत नाही. अनुसूचित क्षेत्रासाठी राज्यपालांनी मे २०२० मध्ये जिल्हास्तरीय समितीच्या वरही विभागीय समितीकडे अपिलाची सोय केली. तालुका बदलला की सूचनाही बदलते.

"थोडक्यात" म्हणजे किती?

आपल्या सूचना बहुतेक वेळा विशेषणांनी फसतात. "थोडक्यात लिही", "चांगले लिही", "जोरदार लिही". यंत्राचे "थोडक्यात" आणि आपले "थोडक्यात" यांत दोन पानांचे अंतर असू शकते.

माहिती अधिकाराचा अर्ज घ्या. महाराष्ट्राच्या २०१२ च्या सुधारित नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. यंत्राला हे सांगितले नाही, तर ते जोशात चार विषय आणि पाचशे शब्द लिहून मोकळे होते. शिवाय "आमच्या वस्तीचा रस्ता का झाला नाही?" असा जाब ते अर्जात घालते. माहितीचा अधिकार अभिलेखाचा आहे. म्हणून सूचनेत लिहा : "एकच विषय. १५० शब्दांच्या आत. 'का' हा शब्द नको. फक्त कागदपत्रांच्या प्रती माग : अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयके. कालावधी अमुक ते अमुक." असा अर्ज चुकवायला अधिकाऱ्याला वाव कमी राहतो.

नुसता नकार देण्यापेक्षा काय हवे ते सांगणे अधिक उपयोगी. "अवघड भाषा नको" यापेक्षा "ग्रामसभेत मोठ्याने वाचल्यावर पहिल्यांदाच कळेल अशी छोटी वाक्ये लिही" हे बरे. "प्रमाण मराठी कर" म्हणालात, तर बांधी, बोडी, निस्तार हे शब्द जातील आणि त्यांच्यासोबत अर्थही जाईल. म्हणून "हे शब्द आहेत तसेच ठेव" असे स्पष्ट सांगा. ठराव गोंडी किंवा माडियात न्यायचा असेल, तर यंत्राच्या भाषांतरावर विसंबू नका. या भाषांतला लिखित मजकूर फार थोडा आहे. तिथे गावातला जाणकारच हवा.

शब्दाची व्याख्या आधी

हे शहाणपण आपल्याला परके नाही. विनयपिटकात भिक्खूंसाठी नियम सांगितला की पाठोपाठ त्यातला एकेक शब्द घेऊन त्याचा अर्थ सांगितलेला आढळतो. या भागाला पदभाजनीय म्हणतात. भिक्खू कोणाला म्हणायचे, इथपासून सुरुवात होते, म्हणजे नियमातून पळवाट निघू नये. संविधानातही अनुच्छेद ३६६ निव्वळ व्याख्यांचा आहे. ज्या मसुद्यावर लाखो माणसांचे हक्क उभे राहणार, तिथे "समजून घेतील" म्हणून काही सोडता येत नाही.

आपल्या बाबतीत तर व्याख्येची गरज रोजची आहे. "बौद्ध", "नवबौद्ध", "अनुसूचित जाती" या शब्दांचा संबंध यंत्र नीट लावेलच असे नाही. धर्मांतर केले म्हणजे अनुसूचित जातीचा दर्जा गेला, असा सरसकट अर्थ ते काढू शकते. वस्तुस्थिती अशी की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० मध्ये दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. जातीच्या दाखल्याचे काम असेल, तर महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी वास्तव्याचा मानीव दिनांक १० ऑगस्ट १९५० आहे आणि अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०. हे सूचनेतच लिहून टाका, यंत्राच्या अंदाजावर सोडू नका.

रिकामी जागा रिकामीच राहू द्या

यंत्राला "माहीत नाही" म्हणण्याची सवय कमी. जागा दिसली की ते भरते, आणि इतक्या आत्मविश्वासाने की खरेच वाटावे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधीच न झालेले निकाल सादर केले. न्यायालयाने पाच हजार डॉलरचा दंड केला. दंड भरून ते वकील सुटले. आपल्या माणसाच्या अपिलात खोटे कलम निघाले, तर त्याची जमीन जाऊ शकते आणि त्याच्या शब्दावरचा विश्वासही.

म्हणून "माहिती नसेल तिथे कंस ठेव" हे वाक्य प्रत्येक सूचनेत असावे. त्यानंतरही प्रत्येक तारीख, प्रत्येक कलम मूळ कागदाशी ताडून पाहा. कालामांना बुद्धांनी सांगितले की परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा बोलणारा भारदस्त वाटतो, एवढ्यावर मानू नका, स्वतः पारखा. मोबाईलवर छान मराठीत आलेल्या मजकुरालाही तीच कसोटी लावावी.

नावांचेही भान ठेवा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या प्रकरणात पीडितेचे नाव, गाव, नाते यंत्राला देऊ नका. "तक्रारदार", "आरोपी क्रमांक १", "गाव अ" एवढ्यावर मसुदा उत्तम होतो. खरी नावे शेवटी हाताने भरा.

मग नमुना कधीच नको?

तसे नाही. शंभर तेंदूपत्ता मजुरांच्या नोंदी एकाच ठरावीक तक्त्यात बसवायच्या आहेत आणि तक्त्याची रचना शब्दांत सांगणे कठीण आहे, अशा वेळी एक काल्पनिक ओळ भरून दाखवणे सोयीचे. पण आधी शब्दांत सांगून पाहावे. उत्तर चुकले, तर नमुना शोधण्याआधी आपल्या सूचनेत काय सांगायचे राहिले ते शोधावे. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

विहारातली एक बैठक

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा ही यंत्रे नव्हती. गावकऱ्यांनी अभ्यासगटात बसून कायदा वाचला, शब्दाशब्दावर चर्चा केली, सर्वसहमतीने ठरवले आणि मग लिहिले. यंत्र आले म्हणून ही पायरी गाळता येत नाही. लिहिण्याचा वेळ वाचला आहे, तो या पायरीवर खर्च करायचा आहे.

येत्या रविवारी विहारात पाच-सहा जणांनी बसावे. गावातले एकच खरे प्रकरण घ्यावे, नावे काढून. प्रत्येकाने कागदावर, हाताने, नमुना न पाहता सूचना लिहावी. त्या मोठ्याने वाचाव्यात. ज्याला प्रकरण माहीत नाही अशा एकाने विचारावे, "यावरून मला काय कळले नाही?" तो जे विचारेल, तेच यंत्रालाही कळणार नव्हते. सूचना दुरुस्त करावी आणि मगच मोबाईल उघडावा.

जय भीम! नमो बुद्धाय!